टॉनिकचा डबा आणि घरचे ताट



गेल्या महिन्याभरात या सदराकडे आलेल्या चौकशांत एकच विषय फिरून फिरून आला. कुरुळीत तिघांत एक खोली घेऊन राहणारा एक कंत्राटी कामगार विचारतो, "दादा, व्यायामशाळेतले सर म्हणतात पावडर घेतल्याशिवाय अंग भरत नाही. घेऊ का?" भोसरीच्या एक ताई लिहितात की, मुलगी दहावीला आहे, तिला चक्कर येते, शेजारणीने एक डबा सुचवला आहे. महिन्याला अठराशे रुपये पडतात, हप्त्याने देता येतात. देहूरोडच्या एका आजोबांना गुडघेदुखीवर कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली मुलाने आणून दिली आहे, ती संपल्यावर दुसरी आणावी की नाही, एवढेच त्यांना हवे आहे.

मी डॉक्टर नव्हे. कॉमर्सचा पदवीधर, कारखान्यात हजेरी-पगाराचे कारकुनी काम करणारा माणूस. म्हणून आजार कोणता हे मी सांगणार नाही, ते दवाखान्यात विचारावे. पण घरात येणारा पैसा कोणत्या खात्यावर जातो आणि त्याच्या बदल्यात काय मिळते, हा हिशेब मांडणे मला जमते.

प्रथम या डब्याविषयी. तो बहुधा दुकानातून येत नाही. ओळखीची बाई आणते, तिला तिच्या वरच्या बाईने दिलेला असतो, आणि तिच्या डोक्यावर महिन्याला अमुक इतका माल खपवायचा बोजा असतो. 'आधी स्वतः वापरा, मग इतरांना सांगा' असे तिला शिकवलेले असते. ती आपल्यातलीच असते, पोराच्या फीसाठी धडपडत असते, तेव्हा तिच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. मात्र माल विकण्यापेक्षा माणसे जोडण्यावरच कमाई असेल, तर अशा साखळी योजनेला २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली आहे, एवढे तिला प्रेमाने सांगावे. आणि डब्यावरचा बारीक मजकूर दोघींनी मिळून वाचावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे अशा पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावेच लागते. तोंडाने मात्र मधुमेहापासून मूळव्याधीपर्यंत सगळे बरे होते असे सांगितले जाते.

आमच्या भागातल्या एका घरातली गोष्ट सांगतो. सून पाच महिन्यांची गर्भवती, हिमोग्लोबिन आठच्या आसपास. आशाताईंनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या होत्या. दोन दिवस घेतल्या, मळमळले, शौचास काळे झाले, म्हणून पाकीट फळीवर गेले. सासूबाईंनी काळजीपोटीच एक महागडा डबा हप्त्याने घेतला. त्या हप्त्यापायी घरातली अंडी आणि मुलांचे दूध कमी झाले. म्हणजे जे फुकट होते आणि उपयोगाचे होते ते फळीवर, जे स्वस्त होते आणि उपयोगाचे होते ते बंद, आणि जे महाग ते चालू. आशाताईंनी हे पाहिले, समजावले, गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला लावली. शौचाचा काळा रंग लोहामुळे येतो, त्याने घाबरायचे नसते. पुढच्या तपासणीत आकडा वर सरकला होता.

त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असा सरकारी कार्यक्रम आहे. रक्त कमी असेल तर डॉक्टर दुप्पट देतात. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. तेव्हा गोळीविरुद्ध बोलणारा मी कोण? शिवाय आपण पिंपरीकर. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स इथे उभी राहिली, पुढच्या वर्षी पेनिसिलीन निघू लागले, आणि 'एचए'च्या पगारावर इथल्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या. औषधाचे मोल आपल्याला ठाऊक आहे. औषधाला रोग ठरलेला असतो, मात्रा ठरलेली असते आणि दिवसही ठरलेले असतात. डब्याला यातले काहीच नसते. तो जन्मभर घ्यायचा असतो.

फॉलिक अॅसिडची गोष्ट तर आपल्या महाराष्ट्रातलीच आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. रक्ततपासणीत तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत, म्हणजे हा साधा लोहाच्या कमतरतेचा आजार नव्हता. बाईंनी त्या काय खातात हे विचारले. ताटात भाजी, फळे, दूध नसल्यासारखेच. मग एकेक पदार्थ देऊन पाहिला. शेवटी गुण आला तो यीस्टच्या अर्काने, बिअर गाळून उरलेल्या चोथ्यापासून करतात तो काळा, खारट, स्वस्त अर्क. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पालकाच्या पाल्यातून एक द्रव्य वेगळे काढले आणि लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याला फॉलिक अॅसिड असे नाव दिले.

आज आपल्या गरोदर भगिनींना जी गोळी मिळते तिचा हा इतिहास आहे. भाजी न मिळालेल्या गिरणी कामगार बायकांच्या आजारातून ती निघाली. ती घ्यावीच. बाळाच्या पाठीचा कणा नीट घडण्यासाठी तर दिवस राहण्याआधीपासूनच घ्यावी असे डॉक्टर सांगतात. पण गोळीत पानातले एकच द्रव्य आहे, सबंध पान नाही.

याचा अर्थ काय, हे आपल्या पुणे जिल्ह्यातच दिसून आले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ बायका. बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. आईने किती भाकरी खाल्ली, किती उष्मांक मिळाले, याच्याशी बाळाच्या वजनाचा संबंध जोडून पाहिला, तर तो फारसा जुळेना. जुळला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. ज्या आयांच्या ताटात पालेभाजी वरचेवर होती त्यांची बाळे भरलेली निघाली. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांच्यासह हा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. पोट भरणे आणि पोषण होणे यांत किती अंतर आहे, हे आपल्या आजीला कळत होते, पण ते मोजून कोणी दाखवले नव्हते.

पुढे हीच मुले सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. आईच्या रक्तात फॉलिक अॅसिड भरपूर पण ब-१२ जीवनसत्त्व कमी, अशा जोडीच्या मुलांत पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सर्वांत अधिक दिसली. हे २००८ साली छापून आले. यावरून गोळी फेकून द्या असा अर्थ कोणी काढू नये. एका पाहणीवरून औषध बदलत नाही. पण एकच द्रव्य ओतत राहिले आणि त्याचा जोडीदार ताटात नसला तर तोल बिघडू शकतो, ही शंका त्यातून उभी राहिली. अंडे, मासळी, दूध यांत ब-१२ आपोआप येते. काळजात, म्हणजे कलेजीत, फॉलिक अॅसिड आणि ब-१२ दोन्ही एकत्र असतात. निसर्गाने बांधलेली गाठोडी आपण सोडून सुटे सुटे विकत घेतो.

मुंबईत तर थेट प्रयोगच झाला. २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या वस्त्यांतल्या साडेसहा हजार बायकांना, मूल राहण्याआधीपासून, रोज एक खाऊ दिला गेला. निम्म्या बायकांच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते, निम्म्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे पदार्थ. समोशासारखा, चवीने खाता येईल असा. गोळी नाही, पावडर नाही. निकाल डोळे दिपवणारा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळाच्या वजनात फरक दिसला नाही. मात्र ज्यांनी दिवस राहण्यापूर्वी तीन महिने वा अधिक काळ तो खाऊ खाल्ला त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी जड होती. आणि गरोदरपणातला मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. सासरी आल्या दिवसापासून सुनेच्या ताटात भाजी वाढा, डोहाळ्यांची वाट पाहू नका, असा याचा घरगुती अर्थ मी लावतो.

आता परदेशातले एकच उदाहरण, कारण 'जास्त घेतले तर काय बिघडते' असे विचारणारे पुष्कळ आहेत. गाजर-भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. काहींना गाजरातला केशरी घटक, बीटा कॅरोटिन, गोळीतून रोज दिला. १९९४ साली निकाल लागला, तेव्हा ती गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. गाजर खाऊन असे कोणाचे झाल्याचे ऐकिवात नाही.

पुन्हा आपल्या ताटाकडे येऊ. इथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. चाकण, तळवडे, भोसरीत आलेली आपली माणसे बीड, लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), परभणीकडची. त्यांच्या आयांनी त्यांना वाढवले ते सुकट, बोंबील, वजडी, रक्ती, पाये, काळीज, अंबाडीची भाजी, तांदुळजा, पाथरी, घोळ, हरभऱ्याचा वाळवलेला पाला, हुलग्याचे माडगे, जवसाची आणि कारळ्याची चटणी यांवर. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या या स्वयंपाकाची साद्यंत नोंद केली आहे. आता फ्लॅट झाला, नोकरी पक्की झाली की पहिली लाज वाटते ती या वासांची. सुकट भाजली तर शेजारी काय म्हणतील! मग सुकट बंद होते आणि त्या जागी प्रथिनांचा डबा येतो. ज्याने आपल्याला नाक मुरडले त्याच्या ताटाचा हिशेबही एकदा पाहू. पुण्याच्या ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली जो अहवाल आला, त्यात ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ब-१२ कमी होते, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते, म्हणजे खेडूत आणि झोपडपट्टीतल्या पुरुषांपेक्षा अधिक. शाकाहारी माणसांत कमतरतेचा धोका चौपटीहून जास्त होता.

हे कोणाला हिणवण्यासाठी नाही. आपल्यातही अनेक उपासक-उपासिकांनी मांसाहार सोडला आहे, तो त्यांचा विचार आहे. त्यांनी दूध-दही नियमित घ्यावे आणि वर्षातून एकदा ब-१२ तपासावे. कमी निघाले तर गोळी अथवा इंजेक्शन बिनदिक्कत घ्यावे. कोणत्याही पालेभाजीत ब-१२ नसते, तेव्हा इथे गोळीला पर्याय नाही. आणि जे खातात त्यांनी लाजू नये. २०१५ पासून राज्यात बैल-वळूच्या मांसावर बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले एक स्वस्त मांस गेले. त्याची भरपाई कशाने करायची हे कायद्यात लिहिलेले नाही. अंडी, सुकट आणि काळीज तेवढी हातची राहिली आहेत. (सुकट खारट असते, रक्तदाब असलेल्यांनी धुऊन, बेताने खावी. गरोदरपणी काळीज किती चालेल हे डॉक्टरांना विचारावे, त्यात अ जीवनसत्त्व फार असते.)

विदर्भातून आलेल्या बांधवांसाठी वेगळी सूचना. तिकडे आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. रक्त कमी आहे म्हणून परस्पर लोहाचे टॉनिक घेऊ नका. सिकलसेलचा रक्तक्षय लोहाने भरून येत नाही, आणि वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्याच्या अंगात तर लोह आधीच साठलेले असते. आधी सिकलसेलची तपासणी, मग औषध.

कुरुळीच्या त्या तरुणाला आता उत्तर देतो. तुझे वजन ६० किलो धरू. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे तुला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने हवीत. दिवसभरात बाजरीच्या तीन भाकरी, म्हणजे २२५ ग्रॅम पीठ, त्यातून २४ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण, १३ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ७ ग्रॅम. एक अंडे, ६ ग्रॅम. झाले ५०, पावडरीशिवाय. जड काम आणि व्यायाम करतोस म्हणून अधिक हवीत, तर आणखी दोन अंडी आणि भिजवलेले हरभरे वाढव. पावडरीच्या एका चमच्यात डब्यावर लिहिल्याप्रमाणे २४ ग्रॅम असतात आणि तो चमचा सत्तर ते शंभर रुपयांना पडतो. तितकीच प्रथिने चार अंड्यांत तीसएक रुपयांत मिळतात, शेंगदाण्यांत त्याहून स्वस्त. आणि डब्यावर लिहिलेले खरे असतेच असेही नाही. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरी डॉक्टरांनी तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवरची माहिती चुकीची निघाली, आणि काहींत बुरशीचे विषही सापडले.

पण तू हेही विचारशील की, बारा तासांची ड्यूटी करून बाजरीची भाकरी कोण थापणार? रास्त आहे. चाकणला महात्मा फुले बाजार आवारात मेथी, शेपू, कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग पडतात, आणि तिथून हाकेच्या अंतरावर रात्रपाळी सुटलेली पोरे वडापाव आणि चहावर दिवस काढतात. खोलीत पाच किलोची टाकी, पाण्याची बोंब, मालक कुरकुरणारा. त्याला भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे, उकडलेली अंडी, पेरू, काकडी, गाजर एवढेच सांगता येते. एका मध्यम पेरूत क जीवनसत्त्व दिवसाच्या गरजेहून जास्त असते, तेव्हा त्याची चघळायची गोळी घेऊ नकोस. जेवणावर लिंबू पिळ, त्याने भाजी-डाळीतले लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने, तो लोहाला अडवतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेणाऱ्या भगिनींनीही हे लक्षात ठेवावे.

खरी जागा आहे ती कँटीन. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगार असतील तिथे कँटीनची आणि तिच्या कारभारात कामगार-प्रतिनिधींची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत ही मर्यादा १०० वर आली आहे आणि कंत्राटी कामगारही त्या शंभरांत धरायचे आहेत. ताटात रोज बटाटाच का, आठवड्यातून तीनदा पालेभाजी आणि दोनदा अंडे का नाही, हे कँटीन कमिटीत लेखी मागा. पावडरीचा डबा एकट्याचा असतो, कँटीनची भाजी हजार जणांची.

देहूरोडच्या आजोबांनी बाटली संपल्यावर दुसरी डॉक्टरांना विचारूनच आणावी. तोवर नाचणी सुरू करावी, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम तिच्यात असते, आणि अंगणात ऊन घ्यावे. भोसरीच्या ताईंनी मुलीचे हिमोग्लोबिन महापालिकेच्या दवाखान्यात आधी तपासून घ्यावे, डब्याचा विचार नंतर.

जाता जाता मुलांच्या ताटाविषयी. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे २०२३ च्या अखेरीस ठरले होते. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा वेगळा निधी काढून घेतला आणि हवे तर लोकवर्गणीतून द्या असे कळवले. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक अॅसिड आणि ब-१२ घातलेले दाणे शंभराला एक या प्रमाणात मिसळण्याची योजना सरकारने आणली. त्यावर खर्च झाला, त्याला हरकत नाही. वेगळे दिसणारे ते दाणे प्लास्टिकचे नाहीत, निवडून टाकू नका. पण मुलाच्या हातातले अंडे काढून घ्यायला नको होते. हा निधी पुन्हा सुरू करा, असा अर्ज प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीने गटशिक्षणाधिकारी वा महापालिका शिक्षण विभागाकडे द्यावा. निर्णय होईपर्यंतचा हिशेब असा: १५० मुलांची शाळा, आठवड्याला एक अंडे, सात रुपये दराने १,०५० रुपये, वर्षाचे शाळेचे ३५ आठवडे धरले तर ३६,७५० रुपये. आपल्या मंडळांनी गेल्या जयंतीला डीजेवर किती खर्च केला, ती पावती या आकड्याशेजारी ठेवून पाहावी. अर्जाचा नमुना महिला मंडळाच्या भगिनींनी तयार केला आहे, रविवारी वंदनेनंतर विहारात मिळेल.